डोंगर पूर्ववत न करण्याची सवलत: अमेरिकेतील कोळसा खाणीसाठी अर्ज कसा तयार करावा

नागपूर-चंद्रपूरकडे खाण अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत आलेले आणि वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी किंवा व्हर्जिनियाच्या डोंगराळ कोळसा पट्ट्यात परवान्यांचे काम करणारे अनेक तरुण मला एकच प्रश्न विचारतात. कोळसा काढून झाल्यावर डोंगर होता तसा पुन्हा उभा करायचा नसेल, जमिनीच्या मालकाला वर सपाट जागा हवी असेल, तर कायद्यातून तशी सवलत मागण्याचा अर्ज कुठून सुरू करावा? पुढे जे लिहिले आहे ते या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते लिहिताना माझे एक ठाम मत मी आधीच सांगतो. हा अर्ज खाणीविषयी नसतो; खाण संपल्यावर त्या जमिनीवर जे उभे राहणार आहे त्याविषयी असतो. डोंगर परत रचण्याचा खर्च वाचतो, हे कारण कायद्यात कुठेही नाही, आणि ज्या फाइलच्या मुळाशी तेवढेच कारण असते ती फाइल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या दहा पानांत ओळखू येते.

मूळ नियम काय आहे

१९७७ पूर्वी या राज्यांतून जाणाऱ्या अ‍ॅपलेशियन डोंगररांगेतील खाणींत ओबी, म्हणजे कोळशावरची माती आणि दगड, सुरुंगाने फोडून सरळ उतारावरून खाली लोटली जात असे. मागे उरायची ती उभी कापलेली भिंत, जिला आपण चंद्रपुरातही हायवॉलच म्हणतो, आणि खाली वस्तीच्या डोक्यावर घसरत राहणारा मलबा. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी सही केलेल्या संघीय कायद्याने हे थांबवले. या धंद्यात सगळे त्याला त्याच्या आद्याक्षरांवरून ‘स्मॅक्रा’ म्हणतात. त्याच्या कलम ५१५ नुसार खाणचालकाने खोदलेली जागा भरून, दाबून आणि उतार देऊन जमिनीला मूळ आकाराच्या जवळपास आणायचे असते. या आकाराला ‘एओसी’ हे आद्याक्षरी नाव रूढ आहे.

एओसीची व्याख्या नीट वाचावी, कारण निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. जमिनीची उंची इंचाइंचाने जुळावी असे ती म्हणत नाही. नवा आकार जुन्या आकाराच्या ठेवणीशी जवळून मिळताजुळता असावा, आजूबाजूच्या उतारांत आणि ओहोळांत मिसळून जावा, आणि हायवॉल व ओबीचे ढिगारे शिल्लक राहू नयेत, एवढे ती मागते. पाण्याचा कायमचा साठा ठेवण्यास, त्याच्या स्वतंत्र अटी पूर्ण होत असतील तर, व्याख्येतच वाव आहे. त्यामुळे केवळ एक तळे ठेवायचे असेल तर या लेखातील सवलतीची गरजच पडत नाही.

बहुतेक कोळसा राज्यांनी या कायद्याखाली स्वतःचा कार्यक्रम मंजूर करून घेतला आहे आणि परवाने राज्याचेच खाते देते; जिथे तसा कार्यक्रम नाही तिथे संघीय भूपृष्ठ खाणकाम कार्यालय देते. राज्याचा नियम संघीय नियमापेक्षा कडक असू शकतो, सैल असू शकत नाही. मी पुढे संघीय नियमांच्या आधारे लिहितो आहे. तुमच्या राज्याच्या नियमांत ही सवलत स्वीकारलेली आहे का आणि कोणत्या शब्दांत, हे मूळ मजकूर समोर ठेवून पाहणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे.

पहिली पायरी: सवलत खरोखर लागते का ते ठरवा

दोन परिस्थिती अशा आहेत की त्यांना सवलत समजून लोक चुकीचा अर्ज भरतात. पहिली पातळ ओबीची. कोळशावरच्या ओबीची जाडी फुगवट्याच्या गुणकाने गुणून, त्यात इतर उपलब्ध टाकाऊ सामग्री मिळवून जो आकडा येतो, तो ओबी आणि कोळसा यांच्या मूळ एकत्रित जाडीपेक्षा कमी असेल, तर खड्डा मूळ पातळीपर्यंत भरणे शक्यच नसते. वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात असे घडते. समजा, १०० फूट ओबीखाली ८० फुटांचा थर आहे आणि फोडलेली ओबी १५ टक्के फुगते. हातात ११५ फूट भराव येतो आणि जागा १८० फुटांची आहे. इथे नियमच सांगतो की उपलब्ध सगळी ओबी वापरा, शक्य तितका सौम्य उतार द्या आणि हायवॉल मिटवा. जमीन खोलगट राहील, पण त्यासाठी मालकाचे पत्र किंवा नव्या वापराचा पुरावा लागत नाही, आकडेमोड लागते.

दुसरी परिस्थिती याच्या उलट, जाड ओबीची आहे. अ‍ॅपलेशियात १६० फूट ओबीखाली जेमतेम ६ फूट कोळसा असतो. फोडलेला दगड एक चतुर्थांशाने फुगला असे धरले, तर १६६ फुटांच्या जागेत भरायला २०० फूट माल होतो. इथे डोंगर पूर्ववत करण्यातून सुटका नाही. तो आधी मूळ आकाराजवळ आणायचा आणि मगच उरलेला माल मंजूर भरावात टाकायचा. ‘माल जास्त होतो, म्हणून सपाट ठेवतो’ हा युक्तिवाद या नियमासमोर टिकत नाही.

याशिवाय, १९७७ पूर्वीच्या जुन्या खाणीत पुन्हा काम करताना जुनी हायवॉल पुरी मिटवण्याइतका माल उपलब्ध नसेल, तर ती तांत्रिकदृष्ट्या शक्य तितकी मिटवण्याचा वेगळा नियम आहे. प्रायोगिक पद्धतींसाठीही वेगळी तरतूद आहे, पण तिला संघीय कार्यालयाची संमती लागते आणि ती खरोखर प्रयोगासाठीच आहे. नेहमीच्या कामासाठी ते दार ठोठावू नये.

दुसरी पायरी: दोन दारांपैकी आपले दार ओळखा

खऱ्या अर्थाने एओसीतून सवलत देणाऱ्या तरतुदी दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ हे अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण आहे.

पहिली डोंगरमाथा काढण्याची. डोंगराच्या किंवा कण्याच्या वरच्या भागातून जाणारा कोळशाचा थर संपूर्ण काढला जातो, त्यावरची जवळजवळ सगळी ओबी बाजूला होते, आणि शेवटी हायवॉल नसलेले सपाट किंवा हलक्या उंचसखल आकाराचे पठार राहते, तेव्हा ही तरतूद लागू होते. इथे नंतरचा वापर औद्योगिक, व्यापारी, शेतीचा, निवासी किंवा सार्वजनिक सुविधेचा असावा लागतो. सर्वांत खालच्या थराची बाहेरची कड, म्हणजे पायथ्याची पट्टी, घसरण रोखणारा बांध म्हणून न काढता ठेवावी लागते, आणि पठाराचे पाणी ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर आतल्या बाजूला वळवावे लागते. पठाराच्या बाहेरील उताराला दोनास एक, म्हणजे दोन फूट आडव्या अंतराला एक फूट चढ, ही मर्यादा आहे. त्याहून तीव्र उतार हवा असेल तर अभियांत्रिकी पुराव्याने १.५ चा स्थिरता गुणांक, म्हणजे उतार धरून ठेवणारा जोर आणि त्याला खाली ओढणारा जोर यांचे गुणोत्तर, दाखवावा लागतो.

दुसरी तरतूद तीव्र उताराची आहे. डोंगरमाथा पूर्ण निघत नाही, पण काम २० अंशांपेक्षा तीव्र उतारावर चालते, अशा खाणीसाठी ती आहे. इथल्या यादीत शेती नाही, हे लक्षात ठेवावे. औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि सार्वजनिक वापर एवढेच चालतात. वन्यजीव अधिवास किंवा साधे जंगल दोन्ही याद्यांत नाही, कारण जंगलासाठी सपाट जागा लागत नाही. जंगल उतारावर छान वाढते.

उतार २० अंशांचा आहे की नाही, हे नकाशावरून अंदाजाने लिहू नका. १०० फूट आडव्या अंतराला ३६ फुटांहून थोडा अधिक चढ म्हणजे २० अंश. समोच्च रेषांच्या नकाशावर हे भराभर मोजता येते, पण त्या डोंगरांत झाडीखाली जुन्या खाणीचे बेंच, म्हणजे उतारात कापलेल्या सपाट पायऱ्या, दडलेले असतात आणि नकाशावर एकसलग दिसणारा उतार प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांचा निघतो. मी हातात क्लिनोमीटर, म्हणजे उताराचा कोन मोजणारे साधन, घेऊन ठरावीक अंतराने वरपासून खालपर्यंत छेदरेषा चालतो, प्रत्येक नोंदीची जागा नकाशावर टाकतो आणि तो तक्ता अर्जाला जोडतो. दोन दिवस पाय दुखतात, पण नंतर उताराविषयी पत्रव्यवहार होत नाही.

तिसरी पायरी: जमीनमालकाची वेगळी, समजून केलेली मागणी

आपल्याकडे सातबाऱ्यावर जमिनीचा मालक दिसतो आणि खालच्या कोळशाचा प्रश्न सरकारशी असतो. अ‍ॅपलेशियात तसे नाही. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या खरेदीखतांनी कोळसा एकाचा आणि वरची जमीन दुसऱ्याची झालेली असते. खाणकामाला संमती असणे आणि डोंगर पूर्ववत करू नका असे मागणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तीव्र उताराच्या सवलतीत कायदा त्या निराळ्याच ठेवतो. जमिनीच्या मालकाने लेखी आणि जाणीवपूर्वक मागणी करावी लागते. ती खाणकामाच्या संमतीपासून स्वतंत्र असावी लागते. आणि आपण मागितल्याशिवाय ही सवलत मिळूच शकत नाही, हे त्याला समजलेले आहे असे त्या पत्रातून दिसावे लागते.

मी एकदा एका वयस्कर बाईंच्या स्वयंपाकघरात अशा पत्रासाठी बसलो होतो. कंपनीच्या माणसाने आधी दिलेल्या कागदावर त्यांची सही झालेली होती आणि फाइल पूर्ण आहे असे मला सांगण्यात आले होते. मी खिडकीतून समोरचा कणा दाखवून विचारले की काम संपल्यावर तो तिथे नसेल आणि त्या जागी सपाट जमीन असेल, हे त्यांना ठाऊक आहे ना. त्यांनी बराच वेळ त्या डोंगराकडे पाहिले. त्यांना वाटत होते की सही ट्रकच्या रस्त्यासाठी आहे. ते पत्र मी अर्जातून काढून टाकले. नंतर नकाशा, खाणीपूर्वीचे आणि नंतरचे छेद, आणि पूर्ण केलेल्या दुसऱ्या जागेची छायाचित्रे घेऊन त्यांच्या मुलांसह पुन्हा बसलो. कुटुंबाने तीन आठवड्यांनी स्वतःच्या शब्दांत पत्र दिले आणि हरकतींच्या बैठकीत तेच पत्र सर्वांत भक्कम कागद ठरले.

पत्राचा आशय साधारण असा असावा: ‘अमुक नकाशावरील अमुक क्षेत्राच्या पृष्ठभागाचा मी मालक आहे. कायद्याप्रमाणे खाणीनंतर ही जमीन मूळ आकाराजवळ आणावी लागते, हे मला समजावून सांगितले आहे. मी मागणी केली नाही तर ही सवलत देता येत नाही, हेही मला समजले आहे. अमुक वापरासाठी जमीन सोबतच्या आराखड्याप्रमाणे ठेवावी, अशी मी मागणी करतो. खाणकामाला दिलेली माझी संमती या पत्रापासून वेगळी आहे.’ वडिलोपार्जित जमिनीवर अनेक वारसांची नावे असतील तर सर्वांच्या सह्या घ्या. एक चुलतभाऊ दूरच्या राज्यात आहे म्हणून त्याला वगळले, तर हरकत नेमकी तिथूनच येते. डोंगरावर घराण्याची दफनभूमी आहे का, हेही याच भेटीत विचारा. दफनभूमीपासून १०० फूट आणि राहत्या घरापासून ३०० फूट हे अंतर कायद्याने राखलेले आहे, आणि झुडपांत हरवलेल्या चार शिळांमुळे पूर्ण आराखडा बदलल्याची उदाहरणे आहेत.

चौथी पायरी: नंतरचा वापर सिद्ध करा

‘औद्योगिक वापर’ हे दोन शब्द म्हणजे पुरावा नव्हे. डोंगरमाथ्याच्या तरतुदीत कायदा विचारतो तो प्रत्येक प्रश्न स्वतंत्र कागदाने सोडवावा लागतो. हा वापर आधीच्या वापराइतका किंवा त्याहून चांगला आर्थिक अथवा सार्वजनिक उपयोग आहे का? शेजारच्या जमिनींच्या वापराशी तो जुळतो का? त्याची गरज आणि बाजार दाखवणारी माहिती आहे का? रस्ता, पाणी, वीज, सांडपाणी यांत कोण पैसे घालणार? सार्वजनिक संस्थांची बांधिलकी लागते तिथे ती लेखी आहे का? खासगी गुंतवणूकदाराची तेवढी ऐपत आहे का? पुनर्स्थापनेच्या आराखड्याला जोडलेले वेळापत्रक आहे का? आणि नोंदणीकृत अभियंत्याने त्याची रचना केली आहे का?

या यादीत माझ्या अनुभवाने सर्वांत जास्त फाइली पाण्याच्या जोडणीवर अडकतात. डोंगरावर ६० एकर सपाट जागा तयार होते, पण पिण्याच्या पाण्याची वाहिनी खाली दरीत असते आणि ती वर आणायला पंपगृह आणि टाकी लागते. पाणीपुरवठा संस्थेचे पत्र ‘आम्हाला या प्रकल्पाबद्दल आनंद आहे’ असे असेल तर त्याचा उपयोग नाही. किती पाणी देता येईल, कोणत्या बिंदूपासून, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या पैशाने, हे त्यात असले पाहिजे. रस्त्याचेही तसेच. कोळसा वाहून नेणाऱ्या डंपरचा हॉलरोड आहे म्हणजे रस्ता आहे असे समजू नये. डंपरला चालणारा चढ शाळेच्या बसला चालत नाही.

स्थानिक प्रशासनाला आणि इतर शासकीय संस्थांना अर्ज पाहून मत द्यायला डोंगरमाथ्याच्या तरतुदीत ६० दिवसांपर्यंतचा अवधी असतो. त्या काउंटीचा भूवापर आराखडा असेल तर अर्ज त्याच्याशी सुसंगत असावा लागतो. मी अर्ज दाखल करण्यापूर्वी सहा महिने काउंटीच्या बैठकीत जाऊन बसतो, कारण काउंटीला त्या जागेचे काय करायचे आहे हे आधी ऐकले तर वापर निवडतानाच चूक टळते.

तीव्र उताराच्या तरतुदीत शब्द थोडे वेगळे आहेत, पण आत्मा तोच आहे. वापर प्रत्यक्षात येण्याची वाजवी शक्यता असावी, त्याने लोकांच्या आरोग्याला किंवा पाण्याला धोका नसावा, तो अव्यवहार्य नसावा, अंमलात यायला अवाजवी उशीर होऊ नये, आणि नियोजन संस्थांशी सल्लामसलत झालेली असावी.

पाचवी पायरी: पाणी सुधारते हे दाखवा

तीव्र उताराच्या सवलतीतील हा सर्वांत अवघड भाग आहे, आणि बरेच जण तो शेवटच्या महिन्यात लिहायला घेतात. पाणलोटाचे नुकसान होणार नाही, एवढे सांगून भागत नाही. तो सुधारेल हे दाखवावे लागते. तुलना खाणीपूर्वीच्या स्थितीशी करता येते किंवा डोंगर पूर्ववत केला असता तर जी स्थिती आली असती तिच्याशी. सुधारणा म्हणजे एक तर गाळ किंवा इतर प्रदूषक कमी होऊन पाण्याचा उपयोग अथवा त्यातील जीवसृष्टी सुधारणे, नाही तर पावसाच्या किंवा बर्फ वितळण्याच्या वेळचा कमाल प्रवाह घटून पुराचा धोका कमी होणे. यापैकी कोणतेही दाखवले तरी वर्षाच्या कोणत्याही ऋतूत एकूण प्रवाह इतका बदलू नये की ओढ्यातील जीवसृष्टीला किंवा पाण्याच्या चालू अथवा नियोजित वापराला बाधा येईल. शिवाय राज्याच्या पर्यावरण खात्याची मंजुरी लागते.

‘प्रत्येक ऋतू’ या शब्दांचा सरळ अर्थ असा की ओढ्यांचे मोजमाप किमान एक पूर्ण वर्ष आधी सुरू झालेले हवे. मी प्रवाहाची आणि गुणवत्तेची नोंद खाणक्षेत्राच्या वर आणि खाली दोन्हीकडे ठेवतो, आणि प्रवाहाचे संगणकीय प्रतिरूप (मॉडेल) तीन स्थितींसाठी चालवतो: खाणीपूर्वी, पूर्ववत केलेला डोंगर, आणि प्रस्तावित सपाट जागा. कायद्याला एका तुलनेने समाधान होत असले तरी दोन्ही द्याव्यात, कारण तपासणारा जलशास्त्रज्ञ दुसरी विचारल्याशिवाय राहत नाही. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात कोळशालगतच्या शेलमधून, म्हणजे चिखलापासून बनलेल्या थरांच्या खडकातून, सेलेनियम हे प्रदूषक पाण्यात उतरते, त्यामुळे गाळाबरोबर त्याचीही मोजणी सुरुवातीपासून ठेवावी.

सपाट जागा आपोआप पुराला आळा घालते, हा समज चुकीचा आहे. डोझरने फिरून फिरून घट्ट केलेली जमीन पाणी शोषत नाही. ते वरून धावते. म्हणून ज्या भागावर इमारती किंवा रस्ते येणार नाहीत तिथे वरचा थर मोकळा ठेवावा. २००४ साली सुरू झालेल्या अ‍ॅपलेशियन पुनर्वनीकरण उपक्रमाने चार फूट जाडीचा न दाबलेला थर ठेवून झाडे लावण्याची जी पद्धत रूढ केली, ती इथे कडेच्या पट्ट्यांसाठी फार उपयोगी पडते. पाणी मुरते, मुळे खोल जातात, आणि कमाल प्रवाहाच्या आकड्यात त्याचा फरक दिसतो.

सहावी पायरी: भराव, हायवॉल आणि इमारतीची जागा

एओसीतून सवलत मिळाली म्हणजे हायवॉल ठेवायला परवानगी मिळाली, असे नाही. तीव्र उताराच्या तरतुदीत हायवॉल संपूर्ण भरून झाकावीच लागते आणि त्या भरावाचा स्थिरता गुणांक किमान १.३ असावा लागतो. बेंचवरून बाहेर किती माल जाऊ शकतो, यावरही बंधन आहे: नंतरचा वापर, बेंचवरील भरावाची स्थिरता आणि इतर नियम यांना आवश्यक असेल तेवढाच. म्हणून घनफळाचा ताळेबंद हा अर्जाचा कणा समजा. किती घनयार्ड फुटणार, किती फुगणार, किती हायवॉलला लागणार, किती बेंचवर राहणार आणि किती बाहेर जाणार, हे एका पानावर जुळले पाहिजे.

बाहेर जाणारा माल टिकाऊ दगडाचा भराव म्हणून टाकायचा असेल, तर त्यात घनफळाने किमान ८० टक्के दगड पाण्यात न विरघळणारा असावा लागतो. प्रयोगशाळेची चाचणी लागतेच, पण त्याआधी मी प्रत्येक थरातला मूठभर नमुना बादलीत रात्रभर भिजत ठेवतो. वाळूचा दगड सकाळी जसाच्या तसा हाताला लागतो. करडा शेल कधी कधी तळाशी चिखल होऊन बसलेला असतो. बोअरहोलच्या नोंदीत दोन्हींची नावे नीट लिहिलेली असली, तरी ती बादली पाहिल्यावर घळ भरण्याचा आराखडा कसा बदलावा हे लगेच कळते. आणि ओढ्यात भराव टाकायचा असेल तर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ४०४ खालील परवानगी वेगळी लागते. खाण खात्याची सवलत तिची जागा घेत नाही.

इमारतीविषयी एक गोष्ट मी प्रत्येक प्रकल्पात आग्रहाने सांगतो. फोडलेला दगड वर्षानुवर्षे बसत राहतो, आणि पाणी शिरले की एकदम बसतो. केंटकीच्या मार्टिन काउंटीत इनेझजवळ जुन्या खाणीच्या जागेवर बांधलेल्या संघीय तुरुंगाच्या बांधकामातच जमीन खचण्याचा प्रश्न आला आणि खर्च वाढला. म्हणून जड इमारत शक्य तिथे न हललेल्या खडकाच्या बेंचवर बसवावी, आणि वाहनतळ, मैदान, साठ्याचे आवार भरावावर घ्यावे. त्यासाठी खाणकामाचा क्रम ठरवतानाच भविष्यातील इमारतीची चौकट नकाशावर काढलेली हवी. खाण अभियंता आणि बांधकाम अभियंता एका टेबलावर बसले नाहीत तर हे नंतर दुरुस्त होत नाही.

सातवी पायरी: दाखल करणे, जाहिरात, हरकती

सवलतीची मागणी शक्यतो मूळ परवान्याच्या अर्जातच करावी. परवाना मिळाल्यानंतर मध्येच मागितली, तर बहुधा ती महत्त्वाची सुधारणा मानली जाते आणि जाहिरातीपासून सगळे पुन्हा करावे लागते. स्थानिक वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा, सलग चार आठवडे जाहिरात द्यावी लागते, आणि शेवटच्या जाहिरातीनंतर ३० दिवस लेखी हरकती आणि बैठकीची मागणी स्वीकारली जाते. जाहिरातीत सवलतीचा उल्लेख ठळक करा. तो दडवला की लोकांचा विश्वास जातो, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो जावा हेच योग्य आहे. डोंगर त्यांच्या दारासमोरचा आहे. विहिरी असलेल्या प्रत्येक घराची पाण्याची नोंद आधीच घेऊन त्यांना तिची प्रत द्या. निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत अर्जदाराला किंवा बाधित व्यक्तीला सुनावणी मागता येते.

कंपनीच्या किंवा तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर जुने न मिटलेले उल्लंघन असेल, तर परवानाच अडतो. ते दाखल करण्याआधी तपासावे.

परवाना मिळाल्यावर

परवान्यावर एओसीतून सवलत असल्याची स्पष्ट खूण असते. डोंगरमाथ्याच्या परवान्याचा आढावा परवाना दिल्यापासून तीन वर्षांच्या आत होतो. तीव्र उताराच्या सवलतीचा किमान दर ३० महिन्यांनी. काम आराखड्याप्रमाणे चालू आहे हे तुम्ही आधीच दाखवून दिले, तर आढाव्याची गरज उरत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी छायाचित्रे, मोजणी आणि गुंतवणूकदाराशी झालेल्या कराराची प्रगती असलेला छोटा अहवाल खात्यात देत राहावे.

जमिनीचे काम पुरे होईल याची हमी म्हणून खाणचालकाने ठेवलेल्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंतचा भाग भराव, उतार आणि पाणी निचऱ्याचे काम पूर्ण झाल्यावर सुटू शकतो. उरलेली रक्कम हिरवळ आणि पाण्याच्या निकषांवर अवलंबून असते, आणि वर्षाला २६ इंचांहून अधिक पाऊस पडतो अशा भागात जबाबदारीचा काळ पाच वर्षांचा असतो. उतार देऊन झाल्यापासून दोन वर्षांच्या आत औद्योगिक, व्यापारी किंवा निवासी बांधकाम झालेल्या भागावर मात्र धूप रोखण्यापुरती हिरवळ पुरते.

गुंतवणूकदार मागे फिरला तर काय, याचा विचार परवाना हातात येण्याआधीच झालेला असावा. मी आराखड्यात दोन टप्पे ठेवतो. पहिल्या टप्प्यात बाहेर जाऊ शकणारा माल बेंचवरच, डोझरच्या पोहोचेत, तात्पुरता रचून ठेवतो. विकासकाचा करार, पाण्याच्या जोडणीचा आदेश आणि रस्त्याच्या कामाची निविदा, हे तीन कागद खात्यात दाखल होईपर्यंत तो माल घळीत जात नाही. करार फिसकटला तर तोच माल हायवॉलवर चढवून डोंगर मूळ आकाराकडे नेता येतो, आणि तेवढ्या कामाचा खर्च हमीच्या रकमेत पहिल्या दिवसापासून धरलेला असतो.